कापड छान आहे

लिफ्टमध्ये भेटले की सर आधी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरायचे. "कापड छान आहे," म्हणायचे, आणि मग हळूच, "माणसं कुठे गेली?"

पहिल्यांदा मला वाटलं, यांचा स्क्रू ढिला आहे. तुम्हालाही वाटलं असतं.

सर इथे परदेशात, चोआ चू कांगला, आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचे आणि बुकित तिमाहच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. माझी सई त्यांच्या वर्गात. सातवा हेन्री हा त्यांचा आवडता राजा. त्याच्या काळात इंग्लंडचं लोकरी कापड समुद्रापार इतकं खपू लागलं, की जमीनदारांनी शेतं मोडून मेंढ्यांसाठी कुरणं केली. "जिथे गावभर नांगर चालायचे, तिथे एक मेंढपाळ आणि एक कुत्रा," सर सांगायचे. "लढाई नाही, रोगाची साथ नाही. घरं मात्र रिकामी."

मी आयटीतला माणूस. हसून म्हणायचो, "सर, पाचशे वर्षं झाली त्याला."

"हो ना. कापड अजून निघतंय."

मग शाळेतून पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला. सईला इतिहासच हवा होता. मी म्हटलं, कॉम्प्युटर घे, पुढे नोकरीचं बघायला नको का? ती दोन दिवस गाल फुगवून बसली, मग इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "ओके लाह, बाबा." मी सही करून टाकली.

वर्ग चालवायला निदान सात मुलं लागतात, हे मला नंतर कळलं. सातवी सई ठरली असती. वर्ग बंद झाला, सरांची नोकरी गेली, आणि त्यांचा इथे राहायचा पास त्या नोकरीवरच होता. बारा वर्षांचा संसार महिन्याभरात आवरायचा होता.

निघाले त्या दिवशी मी खाली गेलो. लाज वाटत होती. "सर, तो फॉर्म..."

"माहीत आहे. मीही बापच आहे, हेच केलं असतं."

सवयीनं त्यांनी माझी बाही धरली. "कापड छान आहे," म्हणाले. पुढचं बोललेच नाहीत. टॅक्सीत बसले.

सध्या आमच्या ऑफिसात माणसांचं काम आपोआप करणारी नवी सिस्टीम बसवायचं काम माझ्याकडे आहे. साहेब खूश आहेत. माझ्या रांगेतल्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या, पाचवी माझी. लिफ्टमध्ये एकटा असलो की माझी बोटं आपोआप माझ्याच बाहीवर जातात.