वीस किलोमीटर सरकलेली वावरं

धानोरा तालुक्यातल्या एका जंगलगावात रुखमा नरोटे वनहक्क समितीची सचिव आहे. दहावी शिकलेली, अक्षर सुरेख, म्हणून गावानं जीपीएस यंत्र तिच्याच हाती दिलं. एकतीस वावरांच्या बांधाबांधानं ती फिरली, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून पडद्यावरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवले आणि ती वावरं कसणाऱ्यांच्या नावे व्हावीत म्हणून दावे तालुक्याला पाठवले.

चार महिन्यांनी सगळे परत आले. शेरा होता, जमीन गावाच्या हद्दीत नाही.

"माहं वावर कुठी गेलं मंग?" डोमाभाऊंनी विचारलं. सत्तरीचे गृहस्थ; त्याच वावरात त्यांच्या बापानं धान पेरलं होतं. गाव म्हणालं, साहेबांनीच घोळ केला.

 रुखमानं मोबाइलच्या नकाशात डोमाभाऊंचे आकडे टाकले. खूण पडली नैऋत्येला वीस किलोमीटरवर, एका तलावात. दुसऱ्या वावराचे टाकले, तेही तिकडेच. सगळी वावरं एकाच दिशेला सरकली होती, म्हणजे चूक एकच होती.

तिनं वही पुढ्यात ओढली. २०.१८४२, २०.१८०७, २०.१८५६. शेवटचे दोन आकडे कुठेच एकोणसाठच्या वर जात नव्हते. शंभरात मोजलं असतं तर एखादा तरी सत्तर-ऐंशी आला असता.

सकाळी ती यंत्र घेऊन डोमाभाऊंच्या बांधावर गेली. पडद्यावर वीसच्या डोक्यावर बारीक गोल होता, अठरापुढे एक रेघ, बेचाळीसपुढे दोन. विषुववृत्तापासून उत्तरेला वीस अंश, अठरा मिनिटं, बेचाळीस सेकंद. अंशाची मिनिटं साठ, मिनिटाचे सेकंद साठ. जागा वाचावी म्हणून त्या खुणा गाळून तिनंच एक टिंब दिलं होतं, आणि रेखांशातही तेच केलं होतं. नकाशानं ते दशांश चिन्ह समजून वाचलं.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "साहेबाची नाई, माही चूक हाय. अठरा मिनिटं म्हंजे अंशाच्या साठ भागांतले अठरा. मी लिवले शंभरातले अठरा."

 डोमाभाऊच म्हणाले, "वावर जागेवरच हाय ना? मंग काऊन घाबरून राह्यली? लिव पुन्हा."

सहा दिवसांत तिनं सगळे दावे नव्यानं लिहिले. प्रत्येक कोपरा मोबाइलवर बघितल्याशिवाय पुढचा घेतला नाही. अठ्ठावीस मंजूर झाले. तीन अजून पडून आहेत, त्यांत डोमाभाऊंचा एक. त्यासाठी येत्या सोमवारी तिला पुन्हा धानोऱ्याला जायचं आहे.