कबूल झालेलं बकरं

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, बहिणीपुढं तर नाहीच. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतं, म्हणून लिहितोय. गावाकडं कुणी वाचलं तर?

मी गेवराई तालुक्यातला, चकलांब्याच्या बाजूचा. शेरडं-मेंढरं राखणारं घर. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता सुरतेत साड्यांच्या दुकानात पार्सलं बांधतो. शेठ जैन, घरात कांदासुद्धा येत नाही. तरी मला ठेवून घेतलं, राहायला वरची खोली दिली, हिंदी लिहायला शिकवलं. त्या घराचं मी किती लागतो, ते मलाच माहीत.

शेठच्या आईला सगळे बा म्हणतात. एकदा तिनं सरळच विचारलं — जीव मारून माणसानं खावं का? रागानं नाही, खरंच कळावं म्हणून. दुकानातली खाणारी पोरं खाली बघायला लागली. मी नाही बघितलं. मी माझ्या बापाचं सांगितलं.

आमच्याकडं कंदुरीचं, म्हणजे पीराच्या नवसाच्या जेवणाचं, बकरं पीराच्या ओट्यापुढं उभं करतात, अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की ते कबूल झालं. मगच कापायचं. नाही झाडलं तर? बाकीचे लोक तांब्यावर तांब्या ओततात, मग झाडतंच ते. माझा बाप ओंजळभर पाणी एकदाच शिंपडतो आणि थांबतो. नाहीच झाडलं तर दावं सोडतो, बकरं परत कळपात. पाहुण्यांना बेसन-भाकरी. दोनदा झालं असं. लोक हसले, अण्णा बकऱ्याची सही घेता का म्हणाले. बाप एवढंच म्हणाला, "खाणार आपण, मरणार ते. मग इचारायला नको व्हय?"

बा म्हणाली, मी खाणार नाही ते नाहीच, पण तुझ्या बापाच्या घरचा चहा पिईन. त्या दिवशी पार्सलं बांधताना माझी मान काही खाली जाईना.

आता ते — जे बाला सांगितलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी भाच्याचं जावळ होतं, त्याची कंदुरी आमच्या घरी. मामा म्हणून सुट्टी काढून गेलतो. बहिणीच्या सासरची वीसेक माणसं आली होती. बापानं पाणी शिंपडलं. बकरं उभंच. बकरं कापायला आलेला मुलाणी सुरा बाजूला ठेवून बिडी ओढायला लागला. ऊन चढलं. बहिणीचा सासरा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "काय हो सोयरे, शेरडंवाल्याच्या दारात येऊन बेसनच खायचं का आमी?"

बहीण म्हणाली, "सोडा की अण्णा त्याला. मी टाकते बेसन."

बाप म्हणाला, "थांबा जरा. घाई आपल्याला हाय, त्याला न्हाई."

आणि मी? मला लाज वाटली — बापाची. सुरतेहून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मी. वाटलं, म्हातारा चारचौघांत हसू करून घेतोय. दावं नीट करायचं निमित्त करून बकऱ्यापाशी वाकलो. मुठीत पाणी धरलेलं होतं. कानात पाणी गेलं की जनावर झाडतंच — आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मी त्याच्या कानात पाणी सोडलं.

बकऱ्यानं शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं. कबूल झालं, कबूल झालं, सगळे उठले. बापानं बकऱ्यापुढं हात जोडले, डोळे भरले त्याचे. आणि मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

बहिणीची सासरी लाज राखायला केलं म्हणू? ती तर सोडा म्हणत होती. मांस खावं का खाऊ नये, ते मला नाही सांगता येत. मी अजून खातो. पण त्या बकऱ्याला विचारलं होतं, आणि त्यानं हो म्हटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात बाला माझ्या बापाशी बोलायचं होतं. फोन स्पीकरवर लावला. मधे मी — इकडचं तिकडं सांगायला. असा बाप माझा आहे, हे शेठच्या घरात सगळ्यांना ऐकू जातंय म्हणून खुर्ची पुढं ओढून बसलो होतो. बापानं नेमकं तेच बकरं काढलं. "लई येळ उभं ऱ्हायलं. पण आमी थांबलो. शेवटाला आपल्या मनानं झाडलं त्यानं."

बानं विचारायला लावलं, नसतं झाडलं तर?

"सोडलं असतं की. आजबी हिंडलं असतं कळपात."

बा माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सगळं हिंदीत करून सांगितलं. 'आपल्या मनानं' हेसुद्धा.