तार कुणी बांधली?

इंग्रजीच्या चंदना बिरनाळे मॅडमनी एम.टेक.च्या पहिल्याच तासाला बावीस रिपोर्ट टराटरा फाडले आणि खिडकीतून खाली भिरकावले. खाली मी चहा पीत उभा होतो, मेकॅनिकलचा मास्तर.

"सर, तुमचीच पोरं हायती ही!" मॅडम वरून कडाडल्या. "सगळ्यांचा अपघात एक, तारीख एक, मेलेला माणूसबी एकच!"

आष्ट्याजवळच्या आमच्या कॉलेजात तशी पद्धतच होती. इंग्रजीच्या विषयाला अपघाताचा अहवाल लिहायचा असे आणि तो सीनियरच्या फाईलमधून उतरवायचा असे. कुणी वाचत नसे. मॅडम वाचत. आष्ट्याच्या जैन शेतकऱ्याची ही लेक, टेबलावरची मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायची, पण खोटं दिसलं की तिच्या डोक्यात सणक जायची. मोडकं इंग्रजी चालेल, म्हणायच्या, पण डोळ्यांनी बघितलेलं लिहा.

आटपाडीच्या शिवतेजनं लिहिलं. बी.ई. झाल्यावर तो वर्षभर एका गूळ पावडरच्या कारखान्यात होता. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा वाफ सोडतो म्हणून तो तारेनं आवळून टाकला होता. एका सकाळी वाफ कोंडून पाइप फुटला आणि सगळी वाफ जोतिबा फायरमनच्या अंगावर आली. शिवतेजनं त्याला ओढायला हात धरला, तर हाताची कातडी मोज्यासारखी सोलून याच्या मुठीत आली. जोतिबा दोन दिवस ओरडत होता, मग मेला. पिऊन कामावर आला होता, असं कारखान्यानं त्याच्या बायकोला सांगितलं आणि दारातून हाकललं.

मॅडमनी हा रिपोर्ट तीनदा परत केला. समासात एकच प्रश्न असे: तार कुणी बांधली? चौथ्यांदा शिवतेजनं लिहिलं, तार मी बांधली, मालक अवधूत यांच्या सांगण्यावरून. कागद त्यानं स्वतः नेऊन मॅडमच्या हातात दिला.

"आता हे जोतिबाच्या बायकोला मराठीत वाचून दाखवायचं," मॅडम त्याला म्हणाल्या. "परीक्षा झाली की आपण दोघं जाऊ."

तेवढ्यात मी माती खाल्ली. कॉलेजला तपासणी समिती येणार होती आणि फायली सजवायचं काम माझ्याकडं होतं. मी पोरांचं लिखाण वाचत नाही, अक्षर आणि समास बघतो. शिवतेजचं अक्षर सुरेख. उत्तम नमुना म्हणून त्याच्या रिपोर्टच्या प्रती काढल्या आणि एक फाईलच्या वर लावून कॉलेजच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. अवधूत हा अध्यक्षांचा सख्खा पुतण्या.

गुरुवारी भर तासाला अवधूत तिघांना घेऊन वर्गात शिरला. आरडाओरडा ऐकून मी दारापर्यंत धावलो आणि दारातच थिजलो. शिवतेजला केसाला धरून बाकांमधून फरफटत आणलं होतं. लोखंडी पाइप त्याच्या तोंडावर बसला, दात फरशीवर उडाले. मॅडम त्याच्या मूळ रिपोर्टची पिशवी छातीशी धरून मध्ये आल्या.

"बाई, पिशवी दे."

"न्हाई देत. हात लावून बघ."

पाइप त्यांच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. पिशवी सुटली नाही, उलट मॅडमनी अवधूतच्या हाताचा असा लचका तोडला की तो गुरासारखा ओरडला. मग त्यानं त्यांचं डोकं फळ्यावर आपटलं. दोनदा. कागद काढून त्याचे बोळे केले आणि शिवतेजच्या रक्ताळलेल्या तोंडात कोंबले. "खा," म्हणाला. एकवीस पोरं आणि मी बघत होतो.

पोलिसांना एकवीस जणांनी सांगितलं की त्या दिवशी आम्ही गैरहजर होतो. मीही तेच सांगितलं. लाज वाटते, पण सांगितलं.

सांगलीच्या दवाखान्यात मी मॅडमना भेटलो. डोकं बांधलेलं, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"फाईल तुमी दिली व्हय?"

"व्हय."

डाव्या हातानं त्यांनी माझ्या कानाखाली अशी काढली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "प्रत हाय का?" होती. माझ्या खणात दोन होत्या. "मग आता तुमी जा शिवतेजसंगं. त्याचा जबडा बांधलाय, त्याला बोलता येत न्हाई."

जोतिबाची बायको दारात शेंगा फोडत होती. जोतिबाबद्दल सांगायचंय, एवढंच म्हणालो आणि मराठी करत वाचू लागलो. शिवतेज शेजारी मान खाली घालून उभा. शेवटच्या ओळीवर माझी जीभ अडखळली, तरी लिहिलं होतं तसंच वाचलं. "तार मी बांधली."

ती उठली. "तू बांधलीस व्हय रं मुडद्या!" शेंगांची परात तिनं माझ्या तोंडावर घातली. चप्पल काढली. "पिला हुता म्हनून सांगितलं मला! लेकरांस्नीबी तेच सांगितलं मी!" कपाळावर, कानावर, मिळेल तिथं मारत होती. शिवतेज बांधलेल्या जबड्यातून घुसमटत होता, स्वतःच्या छातीवर हात आपटत होता. तिचं लक्ष नव्हतं.

मी नव्हे, हा, एवढंच मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही. ती दमून खाली बसेपर्यंत मार खाल्ला आणि कागद तिच्या हातात दिला.