नाववाल्यांचा मेळावा

"लाईन हाय का, बाई?"

एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा छातीवर, आणि तोंडावर हसू. आमच्या क्लासच्या जेमतेम चार पायऱ्या, पण तेवढ्यानंही त्यांना दम लागायचा. तो कोणाला दिसू नये म्हणून ते लगेच बसत नसत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून उभे राहत, जणू रोह्याहून पेणला तिथी बघायलाच आले आहेत. दम खाली बसला की मग खुर्ची ओढत आणि म्हणत, "लावा मुंबई."

मुंबई लावायची म्हणजे मुंबईला फोन जोडून कॉम्प्युटरवर इंटरनेट आणायचं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पेणच्या बाजारपेठेत माझा टायपिंगचा क्लास होता, त्यात नुकतेच दोन कॉम्प्युटर आणून बसवले होते. इंटरनेट म्हणजे काय हे शिकवणाऱ्या मलाही धड कळलेलं नव्हतं. या माणसाला मात्र एक गोष्ट पक्की कळली होती. तिथल्या प्रत्येक पत्त्याला एक नाव लागतं, आणि जो आधी मागेल त्याचं ते होतं.

बाजारात त्यांना 'नाववाले' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तुम्हीही प्रत्येक गावात असा एक माणूस पाहिला असेल, जो लोकांना न दिसणाऱ्या वस्तूचा धंदा करतो. लोक त्याला हसतात आणि त्याच्याच हातचा चहा पितात.

ते मूळचे वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठचे. घरची खारजमीन आणि थोडं मिठागर. ते भावाभावांत वाटून वाटून संपलं, तेव्हा रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत लागले आणि वरसे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागले. एका शिफ्टला कसला तरी वायू सुटला. बाकीचे पळाले, हे व्हॉल्व्ह बंद करायला थांबले. तेव्हापासून छातीत खोकला बसला तो बसलाच. पुढे कंपनीलाही कुलूप लागलं. शाबासकी म्हणून मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं घरात राहिलं.

"कंपनी गेली, पर टायम देऊन गेली," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत. हसता हसता खोकत.

पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे इथं बरं होण्यातलं नाही, मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा, उपचार लांबचा आहे. मी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "नाव इकलं की जातो, बाई."

त्यांच्याकडे पाच-सहा नावं होती. त्यातलं एकच कामाचं. आमच्या पेणच्या गणपतीच्या मूर्ती परदेशी जाऊ लागल्या होत्या, आणि या गृहस्थांनी मूर्तींसाठी एक साधं, सरळ, कोणालाही सुचावं असं नाव सगळ्यांच्या आधी घेऊन ठेवलं होतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. मुंबईचा एक मूर्ती निर्यात करणारा व्यापारी त्यासाठी दोनदा फोन करून गेला होता. बोलणं अर्ध्यावर होतं. मुंबईचं इस्पितळ त्या बोलण्यावर टांगलेलं होतं. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि घरी त्यांच्या बायकोला माहीत होतं.

अडचण एकच. नाव कायमचं मिळत नाही. मुदत संपली की पुन्हा डॉलरमध्ये पैसे भरायचे, आणि तेही परदेशात चालणाऱ्या कार्डानं. तसलं कार्ड आमच्याकडे कोणाजवळ असणार? हे सांगताना ते थेट खाडीवर जात. "खारजमिनीसारखं हाय बघा. बांध घालाल तवर शेत आपलं. दोन वर्सं बांधाकडं बघू नका, खाडी आत येत्ये. मग तुमचा सातबारा घेऊन खेकड्यांना दाखवा."

अशी नावं घेणारे आपल्यासारखे आणखी काही जण आहेत, हे त्यांनी शोधून काढलं होतं. महाडचा एक कॉम्प्युटर दुकानदार, अलिबागचा एक लॉजवाला, खांब गावचे एक निवृत्त गुरुजी, असे सात-आठ. सगळ्यांचं दुखणं तेच. मुदती जवळ आलेल्या आणि कार्ड नाही. रोह्याचे एक भाई कुवेतला नोकरीला होते, आणि ते रजेवर आले होते. त्यांच्याकडे कार्ड होतं. भाई म्हणाले, रविवारी रात्री माझं विमान आहे, जाता जाता पेणला उतरतो, सगळ्यांचं भरून देतो, तुम्ही मला इथं रुपये द्या.

दुसऱ्या कोणी त्या सात-आठ जणांना नुसतं बोलावलं असतं. यांनी मेळावा घेतला.

महिनाभर त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. पोस्टकार्डं टाकली. माझ्या क्लासची बाकं पुसली. रंगाऱ्याकडून कापडी फलक करून आणला, 'रायगड जिल्हा नावधारक स्नेहमेळावा', आणि तो खोकत खोकत स्वतः दारावर बांधला. मी म्हटलं, "अहो, आठ माणसांना फलक कशाला?" तर म्हणाले, "आठ हायत म्हणूनच. नायतर लोकांना वाटंल, क्लासच चाललाय."

लोकांना भलतंच वाटलं. रविवारी सकाळी पाहुण्यांच्या आधी एक बाप मुलीचा फोटो आणि पत्रिका घेऊन हजर. मेळावा म्हटल्यावर वधूवरांचाच असणार, दुसरं काय! मी त्यांना वाटेला लावणार तोच हे पुढे झाले. पत्रिका नीट वाचली, मुलीचं शिक्षण विचारलं, आणि आत आवाज दिला, "अगो, आणखी एक ताट वाढ." तो गृहस्थ जेवून, ढेकर देऊन गेला.

त्यांची बायको पहाटेच्या गाडीनं वरसेहून तांदळाच्या भाकरी आणि वालाच्या बिरड्याचं पातेलं घेऊन आली होती. किडकिडीत, अबोल बाई. वाढताना मला हळूच म्हणाली, "आज ह्यांचं नाव पक्कं होतंय ना, बाई? मंग मुंबयला जायचं हाय आमाला." मी हो म्हटलं. जेवणं उरकल्यावर ती भांडी घासून, बोचकं बांधून दुपारच्या एस.टी.नं परत गेली.

भाई जेवायच्या वेळेलाच आले. खाली जीप उभी, आणि त्यांना विमानतळावर सोडायला निघालेलं अख्खं घर जीपमध्ये. बुरख्यातल्या बायका, पोरं, वर बांधलेल्या बॅगा. आम्ही मुंबई लावली. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे एक पान उघडायचं तर चहा पिऊन यावं. मी कॉम्प्युटरपाशी, शेजारी भाई कार्ड घेऊन.

मी यांना म्हटलं, "पहिलं तुमचं भरू. तुमची मुदत आजच संपतेय."

बाकी कोणाचीच त्या दिवशी संपत नव्हती. महाडवाल्याकडे पंधरवडा होता, गुरुजींकडे तर त्याहून जास्त.

"नाय बाई. आपलं शेवटी."

"का म्हणून?"

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या गावची रीत सांगितली. खाडीच्या बांधाला खांड पडली की एक जण हाळी देतो. घरटी एक माणूस टोपली घेऊन धावतो. सगळे मिळून सगळ्यांचा बांध बांधतात, पण ज्यानं हाळी दिली त्याच्या शेतासमोरचा तुकडा शेवटी. "नायतर लोक बोलतील, यानं सोतासाठी गाव उठवला. पुढल्या वक्ताला हाळी दिली तर कोन येनार नाय."

"अहो, हा बांध नाही आणि ही खाडी नाही!"

"माणसं तीच हायत ना?" ते म्हणाले आणि अलिबागच्या लॉजवाल्याला पुढे बसवलं.

मला आजही त्या वाक्याचा राग येतो. माणसं तीच नव्हती. एकानंही म्हटलं नाही की अहो, आधी तुमचं घ्या. प्रत्येक जण आपलं झालं की भाईंच्या हातात रुपये ठेवत होता आणि मागच्या बाकावर जाऊन सुपारी कातरत होता. महाडवाला तेवढा दोनदा उठून बघून गेला. हे मात्र यजमान. कोणाला पाणी, कोणाला चहा, मधेच तोंडावर पंचा धरून पायऱ्यांवर जाऊन खोकून येत होते.

खाली जीपचा हॉर्न वाजायला लागला. गुरुजींचं झालं. आता यांचंच. ते खुर्चीवर बसले, शर्टाची बटणं नीट केली. पान उघडू लागलं. वरची अर्धी पट्टी दिसली आणि लाईन गेली.

मी पुन्हा फोन लावला. फोन मुका. शेजारच्या मेडिकलमध्ये धावले, त्यांचाही मुका. कुठे तरी तार तुटली होती आणि गावातले सगळे फोन एकदम गेले होते. हॉर्न वाजतच होता. भाई भला माणूस. विमान सुटायची वेळ डोक्यावर, तरी थांबले, घड्याळ बघत थांबले. शेवटी यांनीच त्यांना उठवलं. "जा भाई. पोटाची नोकरी हाय."

मी यांना म्हटलं, "तुम्हीही जीपमधून पनवेलला जा. तिथं कुठे तरी लाईन मिळेल."

ते खाली उतरले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी जीपच्या आत पाहिलं. मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. त्यांच्यासाठी कोणाला तरी खाली उतरावं लागलं असतं. त्यांनी मागचं दार ढकलून नीट लावलं, वर हात केला, आणि जीप गेली. मग ते चार पायऱ्या चढून वर आले, कॅलेंडरकडे न बघता सरळ पुढे उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले. लांबलचक. माझेसुद्धा.

लाईन आली मंगळवारी. नाव गेलेलं होतं. कोणी घेतलं ते तिथंच दिसत होतं, त्याच मुंबईच्या व्यापाऱ्यानं. तो मुदतीवर डोळा ठेवूनच बसला असणार. दोन फोनमध्ये त्यानं गोड बोलून मुदतीची तारीख तेवढी काढून घेतली होती.

त्यांनी माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. मी समोरच होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस चार शिव्या देईल. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "बरं, बरं. तुमाला लाभू द्या." आणि थोडं थांबून, "आनि मूर्ती पाठवाल त्या भाताच्या पेंढ्यात बसवा. गवत घालू नका, गवत ओल पकडतं. सोंड मोडंल."

फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "घरात बोलू नका, बाई. ती वाट बघत्ये, बघू दे. मी सांगंन."

त्यानंतर ते कमी येऊ लागले. आले तरी मुंबई लावा म्हणत नसत. बाकावर बसून पोरींचं टायपिंग ऐकत. मी एकदा इस्पितळाचा विषय काढला, सरकारी इस्पितळ असतं, मी चिठ्ठी आणते, सोबत येते म्हटलं. "जाऊ, जाऊ," म्हणाले. मेळाव्याला आलेल्या एकानंही नंतर पोस्टकार्ड टाकलं नाही. भाईंचं मात्र कुवेतहून पत्र आलं, आणि ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, मोठ्या अभिमानानं.

आंब्याच्या दिवसांत ते गेले. शेवटचे काही दिवस बसूनच झोपत होते म्हणे, आडवं होता येत नव्हतं. मी वरसेला जाऊन आले. पत्र्याच्या पेटीवर तो फलक घडी घालून ठेवला होता.

दिवाळी झाल्यावर महाडवाला क्लासवर आला. हातात पेढ्यांचा पुडा. किल्ल्याच्या नावाचं त्याचं एक नाव होतं, मेळाव्याच्या दिवशी आम्ही भरलेलं, ते एका पर्यटन कंपनीनं घेतलं होतं. "नाववाले कुठे आहेत? पहिला पेढा त्यांना." मी सांगितलं तेव्हा त्यानं सोडायला घेतलेला पुडा परत बांधला. मग म्हणाला, त्यांच्या घरी जाऊ या.

आम्ही त्याच्या गाडीनं वरसेला गेलो. पडवी नुकतीच सारवलेली होती, ओली. महाडवाला कडेला उभा राहिला, पाय कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"या ना. चालंल," ती म्हणाली. "मी दर बाजाराच्या दिवशी सारवत्ये. म्हटलं, मानूस यायचा, घर बरं दिसावं."

महाडवाल्यानं पुडा पुढे केला. कसले पेढे, तिनं विचारलं.

"माझं नाव विकलं गेलं, वहिनी. त्या दिवशी यांनी भरून दिलं होतं ते."

तिनं पुडा दोन्ही हातांनी घेतला, फोटोपुढे ठेवला, पदर सारखा केला. मग माझ्याकडे वळली. इतकी आशा मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"म्हंजे आता यांच्या नावाचा बी मानूस येईल ना, बाई? हे बोलले होते, मुंबयचा हाय, उशिरा येईल, पर येईल. तू घर सोडून जाऊ नको."

महाडवाल्यानं मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या मनगटापर्यंत वाळलेलं शेण दिसलं.

"येईल," मी म्हटलं.

ती चहा टाकायला आत गेली.