वर्लीनबाई घर बघायला येतात

पूर्व केंटकीच्या डोंगरांत वर्लीन कोल्डायरनची गाडी ओढ्यातून वर चढताना दिसली, की लोक ओसरीवरून पुढच्या घराला हाळी देत, "झाडून घ्या गं, घर बघणारी आली!" या डोंगरांत फोन धड लागत नाहीत, पण ही बातमी कधी अडून राहिली नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दुसऱ्या राज्यात सरकारच्या ताब्यात गेलेलं मूल इकडच्या आजोबांकडे किंवा मावशीकडे यायचं असेल, तर त्यानं हद्द ओलांडण्याआधी कुणीतरी ते घर स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहून द्यावं लागतं. पोटापाण्यासाठी इथली निम्मी माणसं उत्तरेला मिशिगन-ओहायोत गेलेली. तिथे संसार मोडला की पोरं तिकडच्या सरकारकडे, आणि आजी-आजोबा इकडे झुरत. एकोणीस वर्षांत वर्लीननं चारशेवर घरं पाहिली. पलंग मोजले, बंदुका कुलपात आहेत का पाहिलं, विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं. बाई खाणकामगाराची मुलगी. गरिबीला तिनं कधी नाक मुरडलं नाही. खोटं बोलणाऱ्याची मात्र ती सालटं काढायची, आणि तिचा तो अधिकारच होता असं मला वाटतं.

त्या नोव्हेंबरात ती एस्टिल स्टर्गिलकडे गेली. एस्टिल सत्तरीचा, बायको वारलेली. मुलगी मिशिगनमध्ये नशेच्या नादी लागली, आणि तिची दोन लेकरं, सात वर्षांची मकेना आणि चार वर्षांचा टकर, तिथे परक्यांच्या घरी वाढत होती. ते घर वाईट नव्हतं. वाईट नव्हतं म्हणूनच भीती होती, कारण त्या लोकांना पोरं दत्तक हवी होती. डिसेंबरात तिथले न्यायाधीश निकाल देणार होते. वर्लीनच्या कागदानं 'हो' म्हटलं नाही, तर आजोबाला नातवंडं पुन्हा दिसतील याचीही शाश्वती नव्हती.

घर लख्ख होतं. दोन नवे छोटे पलंग, त्यांवर बायकोच्या हातच्या गोधड्या, छताला धूर ओळखणारी नवी घंटा. एस्टिलनं दाढीसुद्धा घोटून केली होती.

"घरात आणखी कोण राहतं?" वर्लीननं विचारलं.

"मी एकटाच, पोरी. उंदीर आहेत दोन-चार, पण त्यांची नावं लिहू नकोस."

वर्लीन हसली आणि तिनं 'एकटा' असं लिहिलं. मग एस्टिलनं बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव टेबलावर आणला. जेवल्याशिवाय कुणाला उठू द्यायची इथे रीत नाही. बोलता बोलता त्यानं ताटल्या मांडल्या. तीन. सवयीनं हात आपले चालले होते, मालकाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"तिसरी कुणाची, एस्टिल?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "होबर्टची. माझा धाकटा भाऊ. इथेच असतो."

"मग आत्ता कुठे आहे?"

"शेजाऱ्याच्या गोठ्यात."

"या थंडीत?"

"ऑक्सिजनची टाकी दिलीय बरोबर," एस्टिल पुटपुटला.

वर्लीन जेवण तसंच टाकून धावली, मागोमाग एस्टिल. गवताच्या भाऱ्यावर घोंगडं पांघरून होबर्ट बसला होता, नाकात नळी. एकतीस वर्षांच्या कोळशाच्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती. तिला बघून तो ओशाळला. "झालं का बाई घर बघून?"

"खुळे आहात का दोघं भाऊ?" वर्लीन कडाडली. "आजारी माणूस घरात आहे म्हणून कुणी पोरं नाकारत नाही. लपवलेला माणूस सापडला की नाकारतात! मोठ्या माणसांची सगळ्यांची चौकशी व्हावी लागते. मी आता काय लिहू?"

एस्टिलनं टाकी उचलली आणि भावाला घराकडे चालवलं. गाडीत बसल्यावर वर्लीनला रडू आलं ते रागाचंच होतं, निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

कचेरीत वरिष्ठ म्हणाले, "ते गोठ्याचं गाळ ना. दोघं भाऊ भेटले, एवढंच लिही."

"आणि उद्या कुणी खोदून काढलं, तर? पोरं आल्या वाटेनं परत. असल्या पायावर मी लेकरं झोपवणार नाही."

तिनं ताटलीपासून गोठ्यापर्यंत सगळं लिहिलं. खाली लिहिलं की हे घर योग्य आहे, आणि सही ठोकली. होबर्टला स्वतःच्या गाडीतून टाकीसकट शहरात नेऊन चौकशीसाठी बोटांचे ठसे द्यायला लावले. दगड-कोळशानं बोटं इतकी गुळगुळीत झालेली की ठसे दोनदा परत आले. तिसऱ्यांदा नावावरून तपास झाला आणि मुदत संपायला दोन दिवस असताना कागद गेला.

सुनावणी फोनवर झाली. वर्लीनच्या टेबलाभोवती दोघे भाऊ धुतलेले शर्ट घालून बसले. पलीकडून न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मिस्टर स्टर्गिल, तुम्ही भावाला का लपवलंत?"

होबर्टनं फोन स्वतःकडे ओढला. एकेक वाक्याला थांबत तो बोलला.

"यानं नाही, बाईसाहेब. मीच गेलो. हा नको म्हणत होता. माझी आता दोन-तीन वर्षं राहिली असतील. पोरांची सगळी आहेत. मला वाटलं, तुम्ही मोजायला बसाल तेव्हा मी मध्ये नको."

पलीकडे न्यायाधीशबाई कागद उलटत होत्या. आपण ती ओळ गाळायला हवी होती का, असं एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वर्लीनच्या मनात आलं.

"अहवालात गोठ्याचं वाचलं होतं मी," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "का गेला होतात, ते आज कळलं. मुलं आजोबांकडे जातील. आणि आदेशात लिहून घ्या, त्या घरात सांभाळायला मोठी माणसं दोन आहेत."

एस्टिलनं भावाचा हात घट्ट धरला. वर्लीननं त्या पहिल्या भेटीचं आपलं टिपण उघडलं, 'एकटा' या शब्दावर रेघ मारली, शेजारी होबर्टचं पूर्ण नाव लिहिलं आणि छाती काढून खाली तारीख घातली.