मामांची व्याख्या आणि कामठ्याचा तांदूळ

ज्या यंत्राने कोणत्या नियमाने निर्णय दिला हे कोणालाही वाचता येते, त्या यंत्राचा निर्णय विश्वासार्ह मानावा, एवढे एकच विधान या प्रवासवर्णनात सिद्ध करण्याचा माझा हेतू आहे. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यामुळे आधी विधान आणि मग पुरावा, ही सवय जडली आहे. गोंदियाकडे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी ती सोसावी. गाड्या, रस्ते आणि जेवण ओघात येईलच.

माझी भाची मृण्मयी विद्यापीठाच्या यंत्रदृष्टी प्रयोगशाळेत संशोधन करीत होती. छायाचित्र पाहून संगणकाने वस्तू ओळखावी, हा त्या शाखेचा विषय. तिने घडवलेली प्रणाली तांदळाच्या छायाचित्रातले आखे आणि तुटलेले दाणे वेगळे मोजत असे. ही प्रणाली मुक्त होती, म्हणजे कोणीही ती उतरवून घ्यावी, तिच्यातला नियम वाचावा, पटल्यास बदलावा. "आखा दाणा म्हणजे नक्की काय, हे एका वाक्यात सांग ना, मामा," असे तिने पूर्वी विचारले होते. मी सांगितले: नमुन्यातल्या दाण्यांच्या सरासरी लांबीच्या तीन चतुर्थांशाहून जो आखूड नाही, तो आखा. वाक्य मला निर्दोष वाटले होते. २०१३ च्या डिसेंबरात ती गोंदियाजवळच्या कामठा गावातल्या राइस मिलमध्ये चाचणीला निघाली, तेव्हा आपले वाक्य कामाला लागलेले पाहावे म्हणून मीही निघालो.

नागपूरहून सकाळची गाडी धरावी आणि डावी-उजवी न पाहता कोणत्याही खिडकीशी बसावे. तुमसरनंतर वैनगंगेचा पूल दोन्ही बाजूंनी सारखाच सुंदर आहे. गोंदिया स्थानकाबाहेर समोसा गरम मिळतो आणि भाषा हिंदी होते. कामठ्यापर्यंत पूर्ण ऑटो करावा. सामायिक ऑटो भरेपर्यंत चालक हलत नाही. धान कापून झाले होते आणि बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसती धसकटे उरली होती.

मिलमध्ये नमुना तपासण्याचे काम शोभाबाई करीत. वय पन्नाशीच्या पुढे, पत्र्याच्या परातीत तांदूळ पसरून दोन बोटांनी तुटका दाणा, ज्याला इकडे कनकी म्हणतात, तो बाजूला सारण्याची त्यांची गती पाहत राहावी अशी. मिलमालक शेठजींनी आम्हांला चहा दिला आणि शोभाबाईंसमोरच अट सांगितली.

"तीन सॅम्पल देखेंगे, मॅडम. मशीन और शोभाबाई का हिसाब मिला तो ठीक. नहीं मिला तो परात मशीन की. बाई बोरे सिलेंगी." बोरे म्हणजे पोती.

"शिवीन न, शेठजी," शोभाबाई मान वर न करता म्हणाल्या. "पयले हारू तं द्या."

पहिल्या नमुन्यात त्यांच्या हाताला कनकी निघाली अकरा दाणे. यंत्राने सांगितली सव्वीस. दुसऱ्यात फरक याहून मोठा. शेठजींनी पडद्याकडे आणि मग बाईंकडे पाहिले. "मशीन झूठ थोड़ी बोलेगी?"

सांत्वन करावे म्हणून मी म्हणालो, "शोभाबाई, वयानुसार नजर थकते. माझीही थकली आहे."

"नजर थकली असन तं बोरे शिवाले सुईत दोरा कसा ओवीन मी, सर?"

तिसरा नमुना दुसऱ्या दिवसावर ठेवून आम्ही गोंदियाला परतलो. लॉज स्वच्छ होते. गरम पाण्याची बादली मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

सकाळी शोभाबाई आमच्या आधीच पोचल्या होत्या. यंत्राने तुकडा ठरवलेला कालचा एक दाणा त्यांनी पदराच्या गाठीत जपून आणला होता. तो त्यांनी मृण्मयीच्या तळहातावर ठेवला.

"हा आखा हाय, पोरी. दोन्ही टोकं पाह्य न, निमुळते हायत. तुटला असता तं एक टोक चपटं रायलं असतं. मंग तुह्या मशीननं तुकड्यात काऊन टाकला? इचार तिले."

"विचारता येतं, मावशी," मृण्मयी म्हणाली आणि तिने प्रणालीचा मजकूर उघडला. नियमाच्या ओळीवर तिने मराठीत टीप लिहून ठेवली होती: मामांची व्याख्या. तिने नियम मोठ्याने वाचला.

शोभाबाई ऐकून हसल्या. "सरासरी कायची धरता? लग्नाच्या जेवनाचा माल हाय हा. लांब दान्यात वासासाठी चिन्नोर मिसळून राहिलो आमी. चिन्नोर मुळातच आखूड. त्याले लांबाच्या मापानं मोजसान तं सारा चिन्नोर कनकीच निंघन!"

नमुन्यात दोन जाती आहेत, हे मिलमध्ये झाडूवालीलाही ठाऊक होते. म्हणूनच कोणी सांगितले नाही. आणि मी विचारले नाही.

प्रणाली प्रत्येक दाण्याची बाह्यरेषा आखतच होती. मृण्मयीने तिथेच बसून लांबीचा नियम काढला आणि टोकांचा घातला. शोभाबाई शेजारी बसून एकेक दाणा दाखवीत होत्या. "हा पाह्य, टोक झिजलं हाय, तुटलं नाई. येवढं समजलं पायजे तिले." दुपारी तिसरा नमुना लावला. फरक फक्त दोन दाण्यांचा आला. भिंगाखाली पाहता एक दाणा बाईंच्या बाजूने निघाला, एक यंत्राच्या.

शेठजींनी परात उचलून शोभाबाईंपुढे ठेवली. "चलो, दोनों रखेंगे. और परात शोभाबाई की."

"बोरे कोन शिवन मंग?" बाईंनी विचारले. शेठजींनाही हसू आवरले नाही.

मग जेवण झाले: नव्या तांदळाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचे वरण, शोभाबाईंच्या डब्यातले. गोंदियात पैसे मोजून असे जेवण मिळाले नाही, हे वाचकांना प्रामाणिकपणे सांगतो.

प्रणालीतल्या प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी सुचवला याची नोंद राहते आणि जुना नियमही वाचता येतो. मृण्मयीने शोभाबाईंचे नाव लिहिले. "मामांचं काढू का?" तिने विचारले.

"कायले?" शोभाबाई म्हणाल्या. "राहू दे सराइचं बी. चूक कोनाची व्हती, थे लोकाइले समजलं पायजे."

परतताना आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावावर थांबलो आणि तिरोड्याला गाडी धरली. हिवाळ्यात तलावाचे पाणी निश्चल असते आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, तासभर बसायला हरकत नाही. मृण्मयी पक्षी मोजत होती. मी माझे विधान पुन्हा तपासत होतो.

नागपूरला आल्यावर ते दुरुस्त केले. नियम उघडा असल्याने तो बरोबर ठरत नाही; माझाही उघडाच होता, आणि चूक होता. उघडेपणामुळे एवढेच होते की, ज्याला दाणा कळतो तो नियमाला 'काऊन', म्हणजे 'का', म्हणून विचारू शकतो, आणि नियमाला उत्तर द्यावे लागते. बंद पेटीतले यंत्र असते, तर शोभाबाई आज सुई-दोरा घेऊन बसल्या असत्या आणि मी त्यांच्या नजरेला दोष देऊन समाधानाने परतलो असतो.

माझी चूक नोंदवतो: दाणे एकाच जातीचे आहेत असे न विचारता गृहीत धरून मी व्याख्या केली. प्रणालीत ती माझ्या नावाने आहे, तशीच राहावी.

— विनायक देशकर, नागपूर