न नांगरलेला तुकडा

शेतावर तिला सगळे गवतताई म्हणत, आणि त्यात मायेपेक्षा टिंगल जास्त होती. संशोधन केंद्राच्या शेतात बाकीच्यांचे तुकडे पट्टीने आखल्यासारखे, आणि हिचा म्हणजे विंचरायचं राहून गेलेलं डोकं. मागच्या पिकाची धाटं तशीच आडवी पडलेली, मधूनमधून गवत, वर पालापाचोळा कुजतोय. सहा वर्षं त्या जमिनीला नांगर लागला नव्हता. तो लागू न देणं हाच तिच्या पीएच.डी.चा विषय होता.

घरी हे गळी उतरवता उतरवता तिच्या नाकी नऊ आले होते. "म्हणजे काही न करता डॉक्टर होणार," दादा म्हणायचा. "मी इतकी वर्षं तेच करतोय, मला कुणी पदवी नाही दिली." एकदा तिने आईला समोर बसवून सगळं सांगितलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बुरशीचे बारीक धागे आणि जिवाणूंचा चिकट रस मातीचे कण बांधून त्यांचे लहान दाणे करतात. त्या दाण्यांच्या पोटात कार्बन अडकून पडतो, हवेत जात नाही. नांगर फिरला की दाणे फुटतात, आतलं उघडं पडतं, जिवाणू त्यावर ताव मारतात आणि कार्बनचा वायू होऊन वर जातो. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "मग एवढं लिहून द्यायला सहा वर्षं कशाला?" ती म्हणाली. "आत्ता तर पाच मिनिटांत सांगितलंस."

आईला काय सांगणार, की काही न करणं हेच सगळ्यात कष्टाचं काम असतं. सहा वर्षं तिने त्या तुकड्याची डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. शेळ्या हाकलल्या, आडवाटेने जाणाऱ्यांशी भांडली, तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन आलेल्या माणसाच्या अक्षरशः आडवी उभी राहिली. आता शेवटचे नमुने काढायचे तेवढे राहिले होते. एका कॉलेजने तिच्यासाठी शिकवण्याची जागा धरून ठेवली होती, पण वर्षअखेरपर्यंतच. चौतिसाव्या वर्षी पहिला पगार मिळणार, म्हणून ती मनातल्या मनात दिवस मोजत होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अनुदान देणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई केंद्राला भेट देणार असं ठरलं. त्यांना बघायचा होता तो हाच तुकडा.

शेतीची व्यवस्था बघणारे साहेब टापटिपीचे मोठे भोक्ते. त्यांच्या माघारी सगळे त्यांना टापटीपच म्हणत. भेटीच्या दिवशी ती सकाळी शेतावर पोचली, तेव्हा ते कमरेवर हात ठेवून तिच्या तुकड्याकडे कौतुकाने बघत उभे होते. तुकडा नांगरून, कुळवून, सपाट केलेला होता.

तिला आधी वाटलं, आपण चुकून भलत्याच बांधावर आलो.

"पहाटेच उरकून घेतलं," साहेब म्हणाले. "फार अवतार झाला होता, ताई. पाहुणे काय म्हणाले असते?"

"साहेब, इथे पाटी होती. नांगरू नये म्हणून."

"सगळ्या पाट्या रंगवायला पाठवल्यात की. गंजल्या होत्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या माणसाला काय बोलायचं? त्याने मनापासून, तिच्याच भल्यासाठी, तिचं वाटोळं केलं होतं. साहेबांना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं कळलं. "पुन्हा उगवेल ना गवत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

ती तडक मार्गदर्शकांच्या खोलीत गेली. सर टाय बांधत होते. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटात उघडलेसुद्धा.

"कुंपणालगत पट्टी राहिली असेल. ट्रॅक्टर तिथवर वळत नाही."

"हातभर राहिलीये. पण सर, ती काठाची माती आहे. सगळ्यांचं कापलेलं गवत तिथेच येऊन पडतं, तिथे कार्बन आपोआपच जास्त."

"नांगर नाही ना लागला तिला? मग घे तिथले नमुने. मातीला काय तोंड आहे? आणि पाहुण्यांसमोर चेहरा जरा नीट ठेव."

ती नमुने काढायचं गिरमीट घेऊन कुंपणापाशी गेली. गिरमीट लोण्यात शिरावं तसं आत गेलं आणि काळीभोर, दाणेदार माती वर आली. इतक्या वर्षांत मधल्या जमिनीने तिला इतकी देखणी माती कधी दिली नव्हती. या मातीचे आकडे असे येतील की परीक्षक खूश होतील, हे तिला बघताक्षणीच कळलं. तिने पिशवी भरली, दोरी बांधली आणि तुकड्याचा क्रमांक लिहिला. 

अकराला पाहुण्या आल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली. "किती भुसभुशीत," त्या म्हणाल्या. "हीच ना ती, इतकी वर्षं हात न लावलेली?"

"हीच," सर म्हणाले.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता बोलावं, असं तिला फार वाटलं. पण अनुदान गेलं तर आपल्यामागून पीएच.डी. करणाऱ्या पोरांचंही जाईल, हेही तिला दिसत होतं. ती हसली. फोटो निघाला. फोटोत टापटीप साहेब मधोमध आहेत.

गाड्या गेल्यावर ती प्रयोगशाळेत येऊन पिशवीसमोर बसली. करायचं ते अगदी थोडं होतं: पिशवी फोडायची, माती चाळायची, यंत्रात घालायची. सगळं जग असंच करतं, तिने स्वतःला बजावलं. सर करतात, साहेब करतात, आत्ता फोटोत आपणही केलं. तरी हात पिशवीकडे जाईना. तिला सरांचा नव्हे, साहेबांचाही नव्हे, स्वतःचाच भयंकर राग आला. एवढी साधी लबाडी जमू नये? पिशवीभर मातीपायी घर, पगार, आईचा जीव, सगळं टांगणीला लावायचं? तिने स्वतःला दोन सणसणीत शिव्या हासडल्या, पिशवी उचलली आणि कुंपणापाशी नेऊन रिकामी केली. मग कॉलेजात फोन करून सांगितलं की यंदा माझं होत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ठीक आहे. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही.

घरी जाववेना, म्हणून मातीतून निघणारा वायू मोजायचं यंत्र तिने आणलं आणि नांगरलेल्या जमिनीत त्याचं झाकण रोवलं. पडद्यावरची रेष हलली आणि वर चढू लागली, चढतच राहिली. बुरशीने आणि जिवाणूंनी सहा वर्षं कणाकणाने साठवलेलं तिच्या डोळ्यांदेखत हवेत चाललं होतं. रेषेत कुठे खाच नव्हती, कुठे गोंधळ नव्हता. सहा वर्षांत इतका स्वच्छ आलेख तिच्या हाती एकदाही आला नव्हता. ती तो जपून साठवत राहिली, आणि रडत राहिली.